रीलवरची 'माझी मैना': शॉर्ट व्हिडिओ अॅपचा रिव्ह्यू, ५ पैकी ३ स्टार

जुनी चळवळीची गाणी रील्समधून परत वर येतायत, आणि १ मे किंवा शाहीर अण्णा भाऊ साठेंची जयंती, म्हणजे १ ऑगस्ट जवळ आली की त्यांची 'माझी मैना गावाकडे राहिली' ही छक्कड (लावणीच्या ढंगाचं लोकगीत) माझ्या फीडमध्ये हमखास येते, म्हणून मी वापरते त्या अॅपचा रिव्ह्यू या एका गाण्यापुरताच लिहितेय. फिल्टर, एडिटिंग वगैरे बाकीच्यांनी लिहिलंय भरपूर.

शोधायची सोय मस्त आहे. रीलखालच्या ऑडिओच्या नावावर टॅप केलं की त्याच आवाजावर बनलेले सगळे व्हिडिओ समोर येतात. पण मला सगळ्यात आवडलं ते दुसऱ्याच्या व्हिडिओला आपला व्हिडिओ जोडायचं फीचर. शाहिरी एकट्याची नसतेच हो, मागे झील धरणारे, म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या ओळी साथीनं उचलणारे लागतात, आणि इथे एकजण डफावर गातो, दुसऱ्या गावातलं कोणीतरी ढोलकी जोडतं, तिसरी पोरगी नुसती झील धरते आणि एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांचं कलापथक उभं राहतं. हे बघून मला खरंच भरून येतं. अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या शाहिरांचं लाल बावटा कलापथक १९४४ चं, आणि आज विशीतली पोरं त्याच ठेक्यावर.

आता दोन स्टार का कापले ते. हे गाणं नुसतं विरहाचं नाहीये. पोटासाठी मुंबईत आलेला गडी बायकोच्या आठवणीत झुरतोय इथून ते सुरू होतं, मग मुंबईतल्या बेकारांची गर्दी येते, मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, आणि शेवटी शाहीर म्हणतो की माझी न् मैनेची जशी ताटातूट झाली तीच गत खंडित महाराष्ट्राची, बेळगाव कारवार डांग उंबरगाव दुसऱ्यांच्या मालकीचे. सगळा जाळ या वळणात आहे! आणि अॅपवर फिरतो तो तुकडा मैनेच्या रूपाच्या वर्णनाचा, त्यावर लग्नाचे फोटो, संपलं. नोव्हेंबर १९५५ मध्ये मुंबईत फ्लोरा फाउंटनला या चळवळीतल्या लोकांवर गोळीबार झाला, वर्षभरात बेळगाव-कारवार म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेले, १०६ हुतात्म्यांनंतर १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला तरी ती गावं आली नाहीतच आणि सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, म्हणजे शेवटचं कडवं अजून ताजंच आहे, आणि नेमकं तेच कापलं जातंय. फोटोवाल्यांवर माझा राग नाही, त्यांना अॅप जो तुकडा पुढे करतं तोच मिळतो.

नावाचा घोळ तर फारच वाईट. ऑडिओवर 'ओरिजिनल' लिहून खाली अपलोड करणाऱ्याचं नाव, अण्णा भाऊंचं नाही, गाणाऱ्याचंही नाही. रिपोर्ट करायला गेले तर शाहिराचं नाव चुकलंय हे सांगायला ऑप्शनच सापडला नाही. शिवाय स्लो आणि रिव्हर्बवाली व्हर्जन्स ऐकवत नाहीत, ढोलकीचा कडकपणा जाऊन नुसता घुमणारा आवाज उरतो.

तरी अॅप ठेवा, काढू नका. रील बनवणार असाल तर आधी पूर्ण छक्कड यूट्यूबवर ऐका, मग खंडित महाराष्ट्राच्या ओळींपासून स्वतः आवाज कापून टाका, कॅप्शनमध्ये शाहीर अण्णा भाऊ साठे लिहा आणि जोडायचं सेटिंग चालू ठेवा म्हणजे बाकीच्यांना झील धरता येईल. माझ्या फोनवर ते आधीपासून बंद होतं, तुमचंही तपासा.