ट्रॉलीचं सगळं वायरिंग जळलंय असं इलेक्ट्रिशियन म्हणाला, तर आधी अर्थची वायर तपासा

निपाणी, संकेश्वर, चिकोडी भागात ऊस ओढणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. ऐन हंगामात आमच्या ट्रॉलीचे मागचे लाइट बिघडले. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटायचे, इंडिकेटर लावला की टेल लाइटही उघडझाप करायची. हायवेलगतच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवलं. "सगळं वायरिंग जळलंय, फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग) पण गेलाय बघा," म्हणाला आणि साडेपाच हजार घेतले. पावती मागितली तर पुस्तक संपलंय म्हणे. तोडणीची टोळी खोळंबलीय, आता हे लोक घासाघीस करत बसणार नाहीत, हे त्याला पक्कं माहीत होतं.

संध्याकाळी लाइट लख्ख पेटले. काही खेपा झाल्या आणि पुन्हा तेच. मग गावातल्या मोटर रिवायंडिंगवाल्या मामांनी चेसीखालची टेप सोलली. आत आमचीच जुनी वायर! नवी वायर फक्त ट्रॅक्टरला जोडायच्या सॉकेटजवळ हातभर, फ्लॅशरही जुनाच, पुसून बसवलेला. अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी वायर चेसीला जिथं आवळतात तिथं गंजाचा थर होता आणि त्या बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे. म्हणजे दोष त्याला सापडला होता. बोल्ट आवळून त्यानं पैसे मात्र सगळ्या वायरिंगचे घेतले. याचाच जास्त संताप येतो.

बल्बमधून गेलेल्या करंटला बॅटरीकडे परत यायला वाट लागते. ती वाट, म्हणजे अर्थ, तुटली की करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो, म्हणून ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटतो. एकच लाइट बंद असेल तर बल्ब किंवा त्याची वायर बघा. सगळे मिळून वेडेवाकडे वागत असतील तर आधी अर्थ. हुकाच्या पिनमधून लोखंडाला लोखंड लागून मिळणारी अर्थ ग्रीस-गंजामुळे भरवशाची नसते, धक्का बसला की सुटते. डबल ट्रॉलीला तर असे दोन हुक. सात पिनच्या सॉकेटमध्ये तीन नंबरची पिन अर्थसाठीच असते. रंगावर जाऊ नका, आपल्याकडे हाताला येईल ती वायर जोडतात.

तपासायला एक जाड वायर पुरे. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ट्रॉलीच्या चेसीवर रंग खरवडून लावा. लाइट सरळ झाले तर ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमधली अर्थ तुटलीय, बाकी वायरिंगला हात लावू देऊ नका. फरक पडला नाही तर तेच टोक बल्बच्या होल्डरच्या पत्र्याला लावून बघा. बारा व्होल्टच्या टेस्ट लॅम्पनं ट्रॅक्टरच्या सॉकेटमधल्या पिना तपासा. तिथं करंट येत असेल तर दोष ट्रॉलीकडं.

रात्री रस्त्याकडेला बिनलाइटची भरलेली ट्रॉली उभी असली तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसत नाही. त्या इलेक्ट्रिशियननं आम्हाला तशा ट्रॉलीसकट रस्त्यावर सोडलं. जाब विचारला तर "रस्ते खराब, आम्ही काय करणार?"

काढलेली जुनी वायर हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पक्की पावती घ्या. ती असली की ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रारीला आधार राहतो.