स्प्रिंगला टांगलेला ठोकळा: हळूहळू सोडला तर आणि एकदम सोडला तर

ठोकळा १ किलोचा, स्प्रिंगचा स्थिरांक (ती एक मीटर ताणायला लागणारे बल) १०० न्यूटन प्रति मीटर. हाताचा आधार देत ठोकळा हळूहळू खाली आणला, तर स्प्रिंग ९.८ सेंमी ताणली जाते आणि ठोकळा तिथेच थांबतो. वजन आणि स्प्रिंगचे बल सारखेच, ९.८ न्यूटन.

स्प्रिंग अजून ताणलेली नसतानाच हात एकदम काढला की खरी गंमत! त्याच ९.८ सेंमीवर निव्वळ बल शून्य होते, पण वेग तिथेच सर्वाधिक. म्हणून ठोकळा पार १९.६ सेंमीपर्यंत जातो. तिथे तो क्षणभर थांबतो खरा, पण स्प्रिंग त्याला वजनाच्या दुप्पट बलाने वर ओढत असते. वेग शून्य म्हणजे बलही शून्य, असे धरून बरीच मुले इथेच फसतात. पहिल्या प्रकारात ठोकळा ९.८ सेंमीवरच थांबतो, कारण खाली येताना कमी झालेल्या स्थितिज ऊर्जेपैकी (उंचीमुळे असलेल्या ऊर्जेपैकी) निम्मी हातानेच काढून घेतलेली असते.