आधी पाना, मग घाट : मुलांच्या एका सायकल बॅचचं परीक्षण

पोराला सायकल शिकवायला पैसे मोजायचे म्हटलं की मराठवाड्यातल्या बापाच्या कपाळावर अजूनही आठी पडते. नळीखालून पाय घालून, बांधावर दोनदा आपटून, गुडघे सोलून शिकलेली ती पिढी. फरक एवढाच, की त्यांना शिकून झाल्यावर बीड बायपास ओलांडायचा नव्हता. आज छत्रपती संभाजीनगरात दहा वर्षांच्या मुलाला सायकल येते, पण सोसायटीच्या गेटबाहेर नेता येत नाही. आणि एकदा पंक्चर झाली की ती पार्किंगमध्ये उभी राहते ती भंगारवाला येईपर्यंत. या दोन अडचणींवर काम करणाऱ्या एका बॅचचं हे परीक्षण. तक्रारीही मांडायच्या आहेत म्हणून नाव देत नाही. जालना, लातूर, नांदेड, कुठंही अशी बॅच निघाली तरी हेच प्रश्न विचारावेत.

बॅच सिडकोतल्या एका मैदानावर भरते, शनिवार-रविवार सकाळी सहा ते आठ. आठ आठवडे, १६ सत्रं, वय ९ ते १५, मुलं २४, शिकवणारे चार. फी ३,२०० रुपये. सायकल त्यांची घेतली तर ६०० जादा. मत आधीच सांगून टाकतो : दुरुस्तीच्या भागात ही फी पुरेपूर वसूल होते, रस्त्याच्या भागात निम्मीच.

पहिल्या दिवशी कुणी सायकलवर बसतच नाही. शिंप्याची टेप निघते आणि उंची मोजली जाते. ११५ ते १३० सेंटीमीटरला २० इंची चाक, १३० ते १४५ ला २४ इंची, त्याच्या वर २६. घरून येणाऱ्या निम्म्या सायकली ‘वाढत्या अंगाच्या’ असतात, शाळेच्या गणवेशासारख्या दोन वर्षं पुढच्या घेतलेल्या. गणवेश ढगळ असला तर पोरगं पडत नाही, सायकल ढगळ असली की पडतं. थांबताना फक्त बोटं टेकतात, सायकल कलते आणि सगळा भार एका घोट्यावर येतो. दुसरी अडचण हाताची : बोटं ब्रेकपर्यंत पुरत नाहीत. बऱ्याच लिव्हरच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो, तो आत घेतला की लिव्हर हँडलजवळ सरकतो. दोन मिनिटांचं काम, पण विकताना ते कुणी करून देत नाही. इथं पहिल्याच दिवशी होतं.

ज्यांना अजिबात येत नाही त्यांच्या सायकलीची दोन्ही पायडलं काढतात. १५ चा पाना लागतो, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे इथं मुलांकडूनच वदवून घेतात. डावं-उजवं उलट लावून जोर दिला की क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे जातात, मग क्रँकच बदलावी लागते. मग सीट खाली, इतकी की दोन्ही तळवे सपाट टेकले पाहिजेत. मैदानाच्या एका अंगाला मुरमाचा हलका उतार आहे. तिथून पायानं ढकलत यायचं, मग पाय उचलून पाच आकडे मोजेपर्यंत घरंगळायचं, आणि ते जमलं की पायडल परत. बहुतेक मुलं दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात या टप्प्याला येतात.

कॅरिअर धरून मागं पळायला पालकांना इथं मनाई आहे, आणि ती योग्य आहे. तोल हँडलमधून येतो. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं असतं. मागं धरणारा माणूस ती कलूच देत नाही, मग मूल शिकणार कसं? बाजूच्या छोट्या चाकांचंही तेच. तरी तिसऱ्या सत्रापर्यंत एखादे आजोबा कठड्यापलीकडून हात पुढं करून उभे असतातच.

ब्रेकचा धडा फक्कीच्या रेघांवर होतो. आपल्याकडं साधारणपणे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. पुढचा ब्रेक जास्त ताकदीनं थांबवतो, पण मुरमावर तो एकटाच दाबला तर पुढचं चाक घसरतं. म्हणून आधी फक्त मागचा, मग दोन्ही मिळून, मग वेग वाढवून दोन्ही. प्रत्येक मुलाचं थांबण्याचं अंतर पावलांनी मोजून त्यालाच सांगतात. शेजाऱ्याशी तुलना नाही, मागच्या वेळच्या स्वतःच्या अंतराशी. उजवीकडं वळायला उजवा हात बाहेर काढला की हँडलवर फक्त डावा, म्हणजे मागचाच ब्रेक उरतो. त्यामुळे हात दाखवायच्या आधी वेग कमी करायचा, हा क्रम घोटून घेतात. पोरांना मागं वळून बघायला लावायचा खेळही छान आहे. शिकवणारी ताई मागून बोटं दाखवते आणि ‘किती?’ ओरडते, सायकल रेघेवरून न हलता आकडा सांगायचा. पहिल्या दिवशी सगळे बरोबर आकडा सांगतात आणि सरळ कुंपणाकडं जातात.

पाचव्या सत्रापासून मात्र बॅच खरी उजळते. मैदानाच्या कडेला पाऊस सरला की सराटे वाळतात आणि पुढं हिवाळाभर ट्यूबा खातात. रस्त्याकडेला वेड्या बाभळीचे काटे वेगळेच. म्हणजे सरावाला पंक्चर आयतं मिळतं. एका सायकलीवर दोघं, एक लहान, एक मोठा. शिकवायला पंक्चरच्या दुकानातले एक चाचा दोन सत्रं येतात, त्यांना त्याचे पैसे दिले जातात, हे आवडलं.

चाक न काढता एका बाजूनं टायर सोडवायचा, ट्यूब बाहेर ओढायची, हवा भरायची. घमेल्यात पाणी असतंच, पण चाचा आधी ट्यूब गालाजवळून सावकाश फिरवायला सांगतात. भोक कितीही बारीक असलं तरी गालाला गार झुळूक लागते. खूण करून हवा सोडायची, जागा कोरडी करायची, पॉलिश पेपरनं खरवडून काळा चकाकता थर घालवायचा. सोल्युशन ठिगळापेक्षा मोठ्या गोलात, पातळ. आणि मग थांबायचं. सगळं इथंच फसतं. ओल्या सोल्युशनवर ठिगळ डकवलं की हवा भरताना ते एका कडेनं उचललं जातं. बोट लावून चिकटपणा सरला, साधारण पाच मिनिटं झाली, की ठिगळ मधून बाहेरच्या दिशेनं दाबत बसवायचं.

दुसरी चूक घाईची : ट्यूब दुरुस्त झाली, काटा टायरमध्येच राहिला. सराट्याचं टोक इतकं बारीक मोडतं की बोटाला लागत नाही. त्यावर चाचांचा उपाय कापसाच्या बोळ्याचा. टायरच्या आतून बोळा फिरवायचा, धागा अडकला की तिथं काटा. कापसाच्या मुलखात यासाठी वेगळं साहित्य आणावं लागत नाही. ट्यूब परत घालताना थोडी हवा भरलेली असावी म्हणजे पीळ पडत नाही. टायरचा शेवटचा वीतभर भाग अंगठ्यांनीच चढवायचा. तिथं स्क्रू ड्रायव्हर घातला की नवं भोक ठरलेलं. सापाच्या दातांसारखी जवळजवळ दोन भोकं दिसली तर काटा शोधू नका, हवा कमी होती आणि खड्ड्यात रिंगनं ट्यूब चावली. २६ इंची जाड टायरला हवेचा दाब ४० पीएसआयच्या आसपास चालतो, नेमका आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो.

परीक्षा एकच : २५ मिनिटं, मोठ्या माणसाचा हात लागायचा नाही. मैदानावर तोंड न उघडणारी मुलं इथं दुसऱ्याला ‘अजून ओलंय, थांब’ असं दरडावताना दिसतात. मेडल देऊन हा आवाज येत नाही. महिन्याच्या एका रविवारी बॅच खुली दुरुस्ती ठेवते. पेपरवाले, वॉचमन, चिकलठाणा एमआयडीसीत सायकलवर जाणारे कामगार येतात. मुलं हवा, ब्रेक, चेन तपासून देतात, फक्त रबराचे आणि केबलचे पैसे घेतात. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकली मागून आणून उभ्या करायचंही चालू आहे. १२ तास दुरुस्तीत घातले की त्यातली एक त्या मुलाची. अमेरिकेत ‘अर्न अ बाइक’ नावानं अशा कार्यशाळा चालतात. इथं कुणाला नाव सुचलेलं नाही, काम मात्र तेच.

आता रस्ता. ब्रिटनमध्ये २००७ पासून ‘बाइकेबिलिटी’ प्रशिक्षण आहे, त्याच्या तीन पायऱ्या : वाहनं नसलेली जागा, शांत रस्ते, मग वर्दळ. ही बॅच पहिली पायरी उत्तम बांधते, दुसरीवर एकच सत्र घालवते आणि थेट तिसरीवर उडी मारते. सिडकोच्या गल्ल्यांत किमान चार सत्रं हवीत. उभ्या गाडीचं दार उघडणं, आडवा येणारा कुत्रा, उलट्या बाजूनं येणारी स्कूटी, स्पीडब्रेकरवर तिरकं न जाणं, हे सगळं तिथं सावकाशीनं शिकता येतं.

समारोपाची राइड दौलताबादची : नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, किल्ला. जायचे पंधराएक किलोमीटर. रांगेची शिस्त चांगली आहे. पुढं एक, मागं ‘शेपूट’ म्हणून एक, शेपटाकडं शिटी आणि पंप, आणि या दोन्ही जागा मुलं आळीपाळीनं घेतात, मोठे बाजूला. सगळ्यात सावकाश चालवणारं मूल पुढच्याच्या लगेच मागं ठेवतात. तेच मागं टाकलं तर रांग रबरासारखी ताणली जाते आणि बिचारं दर थोड्या वेळानं धापा टाकत गाठत बसतं.

चूक पुढं होते. गेल्या बॅचला किल्ल्यावरून परतण्याऐवजी खुलताबादच्या बाजूचा घाट चढवला. घाटातला दिल्ली दरवाजा अरुंद, तिथं बस आणि कार एकमेकींसमोर अडकतात आणि सायकलवाल्याला कडेला जागा उरत नाही. त्यात निम्म्या सायकली बिनगिअरच्या. चेनच्या पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दात असलेली सायकल चढावर बारा वर्षांच्या मुलानं रेटायची म्हणजे गुडघ्यांना शिक्षा. मुलं उतरून ढकलत होती, आणि उतारावर सलग ब्रेक दाबून झिजलेली रबरं रिंगवर करकरत होती. घाट हवाच असेल तर फक्त गिअरवाल्यांना न्या आणि आदल्या दिवशी ब्रेकची रबरं बघा. खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर बदला. वारही जपून निवडा. शनिवारी, त्यातही श्रावणात, खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांची रीघ असते. ही राइड रविवारची, अगदी पहाटेची हवी.

हेल्मेट हा सगळ्यात लंगडा भाग. बॅचकडं १५ आहेत, ती आळीपाळीनं वापरतात. भुवईच्या वर दोन बोटं, पट्ट्यांचा व्ही कानाभोवती, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकी ढील, हे शिकवतात. पण दोन हेल्मेटांच्या आतल्या थर्माकोलला तडे होते आणि ती चालूच होती. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद, मग बाहेरून कितीही नवं दिसो. शक्यतो मुलाचं स्वतःचं घ्या, आत ईएन १०७८ या युरोपीय हेल्मेट-मानकाचं स्टिकर बघा.

मुली २४ पैकी सात, आणि बारा वर्षांच्या वर दोनच. मैदानावर स्वच्छतागृह नाही, हे कारण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. खेड्यापाड्यांतल्या त्या मुली शहरातल्या पोरांपेक्षा रोज कितीतरी जास्त चालवतात. त्यांना चालवायला शिकवायची गरज नाही, पान्याची आहे. बॅचचे चाचा आणि दहा सोल्युशनच्या ट्यूबा घेऊन एखाद्या शाळेत एक दिवस गेलं तरी पुष्कळ काम होईल. हे सुचवलं आहे, होकारही आला आहे, तारीख अजून नाही.

हंगामाचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. मे महिन्याची बॅच टाळा. आठ वाजेपर्यंत डोकं तापतं. जायचंच असेल तर तासाला अर्धा लिटर पाणी धरा, शिवाय लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेली एक वेगळी बाटली द्या. जून-जुलैत मैदानाबाहेरची काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये अशी बसते की चाक फिरत नाही. काडीनं काढा, पाण्यानं धुवा, चेन पुसून मगच तेल, नाहीतर तेल-मातीची लुगदी चेन खाते.

नाव नोंदवताना मुलाची उंची सेंटीमीटरमध्ये सांगा. त्यांच्याकडं २४ इंची सायकली पाचच आहेत, आणि त्या पहिल्या आठवड्यातच जातात.