पहिलीच्या आधीचा मेळावा आणि आमचा माता गट

जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल पहिलीला घालणार असाल, तर ‘पहिले पाऊल’ अभियानाचा शाळापूर्व तयारी मेळावा अजिबात चुकवू नका. शिक्षण विभाग आणि ‘प्रथम’ संस्थेने २०२२ पासून तो राज्यभर सुरू केला. माझी मुलगी यंदा पहिलीत गेली, म्हणून जवळून पाहता आला.

एप्रिलच्या मेळाव्यात नोंदणीपासून पुढे सात टेबलं असतात. मूल उड्या मारतं, रंग भरतं, चित्र बघून बोलतं, वस्तू मोजतं. कुठे स्वतः जमलं, कुठे मदत लागली, हे विकासपत्रावर लिहून देतात. शेवटचं टेबल आईसाठी. तिथे कोणी मुलाची तक्रार ऐकवत नाही, घरी काय करून घ्यायचं तेवढं सांगतात.

खरं काम त्यानंतर वस्तीवरच्या माता गटात होतं. आम्ही पाच-सहा जणी, त्यातली एक लीडर माता. शाळेकडून मिळालेल्या कृतींच्या कार्डांवर चित्रं आहेत, त्यामुळे शाळेचं तोंड न पाहिलेली माझी जाऊही लेकाला घेऊन बसायची. एका आठवड्यात वस्तू वेगळ्या करायला शिकवायचं होतं. आमचा जुन्नरचा भाग, कांदाकाढणी चालू. लेकीला कांदाचाळीपाशीच बसवली. गोल्टी म्हणजे बारका कांदा एकीकडे, मोठा कांदा दुसरीकडे, जोडकांदा तिसरीकडे. एक मधलाच कांदा हातात धरून ती कितीतरी वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “आई, ह्याचा वेगळा ढीग कर.” मला फार आनंद झाला. वहीपेन्सिल न लागता हे जमतं, आणि ते आईलाच जमतं.

आता खटकलं ते. आमच्या शाळेने मेळावा सकाळी दहाला ठेवला. ऐन काढणीत मजुरीला जाणारी बाई दहाला कशी येणार? तिचा रोज बुडतो. बऱ्याच मुलांसोबत आज्या आल्या. संध्याकाळी ठेवा, सगळ्या येतील. दुसरं, व्हॉट्सअॅपचा ग्रुप आयांचा, पण नंबर बापांचे! फोन मार्केटला गेला की निरोपही गेला. शेवटी लीडर माता संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर सगळ्यांना निरोप ऐकवू लागली, तेव्हा गाडी रुळावर आली.

एक फायदा मात्र कार्डावर लिहिलेला नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया लागतात. आमच्याकडे त्या सह्या करून घरी यायच्या. गटातली एक जण समितीत गेली आणि पहिल्याच बैठकीत मुलींच्या संडासात पाणी का नाही, हे तिने विचारलं. टाकी बसली.

दिवाळीनंतर मात्र आमचा गट थंडावला, कारण पुढची कार्डंच हाती आली नाहीत. मुलं आता जोडाक्षरांना अडतायत. शाळेने त्याची कार्डं द्यावीत, ओट्यावर बसायला आम्ही तयार आहोत.