मागवला एक मिक्सर, आला दुसरा, आणि परत घ्यायला कुणी तयार नाही

फराळाच्या तोंडावर घरचा मिक्सर जळाला म्हणून ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा मिक्सर ऑनलाइन मागवला. ३,८९९ रुपये आधीच भरले. ठाण्यात वर्तकनगरला घरी पार्सल आलं तेव्हा मी ऑफिसात होते. सासूबाईंनी ओटीपी सांगितला, मुलगा खोकं देऊन गेला. संध्याकाळी उघडलं तर आत ५०० वॅटचा, दोन भांड्यांचा, भलत्याच कंपनीचा मिक्सर!

चूक कुणाचीही होते, म्हणून ॲपवर परतीची विनंती टाकली. न्यायला आलेल्या मुलाने मोबाइलमधला फोटो पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, फोटोतली वस्तू ही नाही. मला घेता येणार नाही." अहो, तक्रार तीच तर आहे! त्याला दोष देत नाही, फोटोशी जुळेल तेवढंच न्यायचं असा त्याला हुकूम. पण तासाभरात मेसेज आला: ग्राहकाने वस्तू दिली नाही, विनंती रद्द. पुन्हा विनंती केली, पुन्हा तेच. तोवर परतीचे सात दिवस उलटले. कस्टमर केअरचं एकच पालुपद, 'आमच्या नोंदीप्रमाणे योग्य वस्तू पोचली आहे.' म्हणजे खोटं मी बोलतेय! पैशांपेक्षा याचा संताप जास्त झाला.

शेजारच्या काकांनी खोक्यावरचं लेबल वाचायला लावलं. त्यावर वजन छापलं होतं २.९ किलो, आणि मागवलेल्या मिक्सरचं वजन त्यांच्याच पानावर ४.६ किलो. लगेच खालच्या वाण्याच्या काट्यावर खोकं ठेवून फोटो काढला. लेबल फाडून खोकं रद्दीत दिलं असतं तर हा पुरावा गेला असता.

मग कस्टमर केअरचा नाद सोडला. ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ॲपवर द्यावाच लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे. फोटो, बिल, दोन्ही रद्द विनंत्यांचे स्क्रीनशॉट जोडून मेल केला, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांकही कळवला. पैसे न आल्यास ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, असंही लिहिलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच दावा लावता येतो. वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. त्यांचे सात दिवस म्हणजे कायदा नव्हे, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

अकराव्या दिवशी पूर्ण पैसे खात्यात आले. तो मिक्सर न्यायला अजून कुणी आलेलं नाही. लेबलासकट खोकं माळ्यावर ठेवलंय, आणि नेतील तेव्हा सहीची पावती घेतल्याशिवाय मी ते देणार नाही.