वॉशिंग मशीनखालची रबरी पॅड्स: घ्या, पण कशासाठी ते समजून घ्या

चार पॅडचा संच, साडेतीनशे रुपये. भरीव काळं रबर, वर मशीनचा पाय बसेल अशी खोलगट वाटी, खाली फरशी धरणाऱ्या खाचा. आमचं फ्रंट लोड मशीन तिसऱ्या मजल्यावर, आणि खालच्या काकू दुपारी झोपतात. घेणं भागच होतं. पाचपैकी साडेतीन स्टार.

शेवटच्या स्पिनला मशीन मिनिटाला 1200 फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 20. या वेगाला पॅड्स झकास. एरवी स्पिन लागला की ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्याचं झाकण किणकिणायचं, ते बंद झालं. काकूंनी तर जिन्यात गाठून विचारलं, "मशीन बिघडलंय का गं तुमचं?"

दीड स्टार कापला तो पाकिटावरच्या "सर्व प्रकारचं कंपन थांबवते" या थापेसाठी. वेग चढताना, दोन-तीनशे फेऱ्यांच्या आसपास मशीन जो हिसका देतं, तो तसूभर कमी झालेला नाही. उलट किंचित वाढलाय. मी डिप्लोमाच्या पोरांना हेच शिकवते. मऊ आधारावरच्या वस्तूची एक नैसर्गिक वारंवारिता असते, म्हणजे धक्का देऊन सोडली तर ती आपणहून सेकंदाला जितक्यांदा हलते तो आकडा. थरथर तिच्या 1.41 पटीच्या वर गेली तरच जमिनीला कमी पोचते. त्याखाली पॅडचा उपयोग नाही, आणि वारंवारिता जुळलीच तर मशीन आणखी हलतं.

तो हिसका आवरायचं काम आतल्या शॉकअपचं. ड्रम वरून स्प्रिंगांना टांगलेला असतो, खालून शॉकअपनी धरलेला. बऱ्याच मशीनमध्ये शॉकअपच्या नळीत तेलबिल काही नसतं, ग्रीस लावलेला फोम असतो. तो दांड्याला घासतो आणि हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. मग आणखी घट्टच का नाही बनवत? कारण तसं केलं तर हिसका जाईल, पण 1200 ला सगळी थरथर कॅबिनेटमध्ये उतरेल. फोम झिजला की मात्र दांडा नुसताच आत-बाहेर करत राहतो. मशीन बंद करून, दार उघडून ड्रम हाताने खाली दाबा आणि सोडा. वर येऊन जागच्या जागी थांबला तर ठीक. दोन-तीनदा उसळला तर शॉकअप बदला, पॅडवर पैसे घालवू नका. आणि मशीन कोरं करकरीत असून नाचत असेल तर आधी मागचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे ने-आण करताना ड्रम हलू नये म्हणून लावलेले बोल्ट, काढलेत का ते बघा. आमच्याच बिल्डिंगमध्ये एकांकडे ते तसेच होते!

बाकी किरकोळ. रबराला सुरुवातीला उग्र वास येतो. पांढऱ्या फरशीवर काळे ठसे उमटतात, ते घासूनही पूर्ण जात नाहीत. पॅड घातल्यावर लेव्हल नव्याने करावी लागते, नाहीतर एक पाय अधांतरी राहून खडखडाट वाढतो. मशीनची उंचीही वाढते, तेव्हा ओट्याखाली बसवलेलं असेल तर टेप लावून मगच मागवा.