बँडकॅम्प: रॅप विकत घेणाऱ्यांसाठी आणि विकणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर २०२५ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या गाण्यांच्या साप्ताहिक क्रमवारीच्या पहिल्या चाळीसांत एकही रॅप गाणं उरलं नव्हतं. १९९० नंतर असं पहिल्यांदाच झालं (चार्टच्या बदललेल्या नियमांचाही त्यात हात होता). २०१७ मध्ये अमेरिकेत रॉकला मागे टाकणाऱ्या हिप-हॉपचा बाजार उठला, असं म्हणण्याआधी बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकारांकडून थेट संगीत विकत घेता येतं त्या साइटवर, एक फेरी मारावी. बडे स्टार इथे फारसे सापडणार नाहीत. आहेत ते काहीशे पक्की गिऱ्हाइकं राखून असलेले रॅपर, आणि त्यांचं पोट चार्टवर अवलंबून नाही.

हिशेब बघा. १० डॉलरचा डिजिटल अल्बम विकला की बँडकॅम्प १५ टक्के कापतं, पेमेंटचा खर्च वेगळा. कलाकाराच्या हाती सरासरी ८२ टक्के, म्हणजे ८ डॉलर २० सेंट पडतात. स्ट्रीमिंगला एका प्लेचे ०.००४ डॉलर धरले तर तेवढ्याच पैशांसाठी दोन हजारांवर प्ले लागतात. शिवाय वर्षभरात १००० प्ले न झालेल्या गाण्याला स्पॉटिफाय २०२४ पासून काहीच देत नाही. बँडकॅम्प फ्रायडे नावाच्या ठराविक शुक्रवारी बँडकॅम्प आपला वाटाही सोडतं. जाणकार चाहते खरेदी त्याच दिवसासाठी राखून ठेवतात.

विकणाऱ्यांनी वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅक अशी आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइलच तयार ठेवावी, एमपीथ्री चढत नाही. कव्हर किमान १४०० बाय १४०० पिक्सेल. मिक्सटेप फुकट वाटणारे हमखास अडकतात, कारण महिन्याला मोफत डाउनलोड २०० च मिळतात. भाड्याने घेतलेल्या बीटचा (रॅपखाली वाजणाऱ्या तयार संगीताचा) करार नीट वाचा, विक्रीची मर्यादा त्यातच असते. परवानगी न घेतलेलं सॅम्पल (दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा) असेल तर अल्बम कधीही साइटवरून काढावा लागू शकतो.

घेणाऱ्यांसाठी: वेबवर ऐकू येतं ते १२८ केबीपीएस, म्हणजे कमी दर्जाचं. ट्रॅप या रॅपच्या प्रकारातल्या झरझर हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) त्यात फिसकटतात, तेवढ्यावरून मिक्सला नावं ठेवू नका. भारतातून घेताना कार्डावर परदेशी व्यवहार चालू करावे लागतात आणि बँकेचं चलन-बदल शुल्क वर बसतं. एलपी (विनाइल तबकडी) मागवलीत तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून किंमत कुठल्या कुठे जाते, म्हणून डिजिटलच परवडतं.

बँडकॅम्पच्या मालकीचं मात्र खरं नाही. २०२२ मध्ये ते एपिक गेम्स या कंपनीने घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रेडरने, आणि त्या दुसऱ्या हस्तांतरात जवळपास अर्ध्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. घेतलेला अल्बम ॲपच्या भरवशावर ठेवू नका, फ्लॅक लगेच उतरवून हार्ड डिस्कवर टाका.